कोल्हापुरात केंटकी ब्लू / राय / फेस्क्यूचं लॉन जमतं का? (१ गुंठा, काळी माती, बोअरचं पाणी)

कळंबा_गुंठा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१४

जागा कळंब्याच्या बाजूला, मोकळी बरोबर एक गुंठा. खाली काळी माती, पूर्वेच्या कोपऱ्यात आंब्याचं मोठं झाड, पाणी बोअरचं. ऑनलाइन 'केंटकी ब्लू ग्रास, ५००० बिया' असं एक पाकीट दिसतंय आणि दुसरीकडे 'राय ग्रास, १ किलो'. पाहिजे ते बारमाही, मऊ, गडद हिरवं लॉन. टीव्हीवर विम्बल्डनला असतं तसलं. हरळी किंवा सिलेक्शन वन (लॉनची एक जात) नको, पायाला खरखरीत लागतं. काय पेरायचं, कधी, किती, ते जाणकारांनी सांगावं.

रब्बीवाला | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०२

स्पष्टच सांगतो, बारमाही विसरा. ही तिन्ही गवतं कोल्हापुरात रब्बीचं पीक म्हणून पेरायची. दिवाळीनंतर पेरणी, शिमग्यापर्यंत हिरवळ, उन्हं चढली की संपलं. गहू कुणी मे महिन्यात पेरतं का? तोच हिशेब. राय, फेस्क्यू, केंटकी ब्लू ही गव्हाच्या गटातली, म्हणजे सी-३, थंडीची गवतं. हरळी उसाच्या गटातली, सी-४, उन्हाची. सी-३ गवताला हवा १५ ते २४ अंशांची लागते. पारा तिशीच्या पुढे गेला की पानातलं विकर बऱ्याच वेळा कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन धरायला लागतं, अन्न कमी तयार होतं आणि रात्रीच्या उष्म्यात श्वसनाचा खर्च मात्र वाढतो. जमीन २७ अंशांच्या वर तापली की मुळं वाढायची थांबतात, जुनी मरायला लागतात. वरून पान हिरवं दिसतं, खाली मूळ दोन बोटंसुद्धा उरलेलं नसतं.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे साधारण १४ ते १६ अंश असतात, तेवढं झकास. एप्रिल-मे ३६ ते ३८. त्यातूनही पाणी मारून गवत कसंबसं तगवलं, तरी खरा घात जुलैत होतो. दिवसभर झड, रात्री २१-२२ अंश आणि पान चोवीस तास ओलं. बुरशीला याहून चांगलं काय पाहिजे! मे महिना गवताला लुळं करतो, जुलै मारतो.

आता पाकीट. केंटकी ब्लूचं बी फार बारीक, एका ग्रॅमात साधारण ३००० बिया. म्हणजे ५००० बिया दोन ग्रॅमही भरत नाहीत. दर चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅम लागतं, तेव्हा त्या पाकिटात जेवायच्या पाटाएवढी जागा होईल. गुंठ्याला सव्वा किलोच्या आसपास लागेल. शिवाय उगवायला दोन ते चार आठवडे घेतं. तोवर आपली थंडी निम्मी सरते. ब्लूचा नाद इथं करू नका.

विम्बल्डनचं म्हणाल तर ते केंटकी ब्लू नाहीच. २००१ पर्यंत तिथं ७० टक्के पेरेनियल राय आणि ३० टक्के क्रीपिंग रेड फेस्क्यू असायचं, तेव्हापासून शंभर टक्के पेरेनियल राय आहे. कापणी ८ मिलिमीटरवर. ती उंची घरच्या मशीनने आणि काळ्या मातीवर धरायला जाऊ नका.

खुरपं | १२ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मुळात करायचंच कशाला हे? वरच्या देशात हरळी थंडीत पिवळी पडते म्हणून वर राय पेरतात. पहाटेचं तापमान १० अंशांच्या खाली राहायला लागलं तर हरळी रंग सोडते. कोल्हापुरात ती थोडी मंदावते, एवढंच. पाणी आणि महिन्याला चिमूटभर युरिया दिला की जानेवारीतही हिरवीच असते. वर राय पेरली की मार्चमध्ये तिचीच सावली हरळीला नडते. फुकटचा खर्च.

रब्बीवाला | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४१

हरळी चांगली जमलेली असेल तर तुमचं शंभर टक्के मान्य. पण यांच्याकडे कोरी जागा आहे आणि लावणीचा हंगाम पावसाबरोबर गेला. नोव्हेंबर ते मार्च नुसती माती बघत बसण्यापेक्षा राय बरी. धूळ बसते, पाच-सहा आठवड्यांत गालिचा होतो. मार्चमध्ये त्यातच कायमचं गवत टोचायचं.

बी_बियाणं | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:३५

'राय ग्रास १ किलो' एवढंच लिहिलं असेल तर घेऊ नका. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा अ‍ॅन्युअल म्हणजे इटालियन राय, जनावरांच्या चाऱ्याची. पान रुंद, रंग फिकट पोपटी, वाढ इतकी की चार दिवसांत मशीन अडकतं. तुम्हाला पेरेनियल राय पाहिजे आणि तीही टर्फ म्हणजे लॉनच्या प्रकारची. पिशवीवर जातीचं नाव, उगवण टक्का, चाचणीची तारीख आणि तणाच्या बियांचं प्रमाण छापलेलं बघा. टॉल फेस्क्यू घेतानाही हेच. 'केवाय-३१' लिहिलेलं आलं तर ती १९४३ साली बाजारात आलेली कुरणाची जात आहे. चिवट आहे, पण पान जाडंभरडं, पायाला हरळी परवडली.

उगवून आल्यावर ओळखायचं असेल तर बुंध्यातून नवं निघणारं पान चिमटीत धरून आडवं कापा. पेरेनियल रायचं कोवळं पान मधोमध घडी घातलेलं असतं, अ‍ॅन्युअलचं गोल गुंडाळलेलं. पेरेनियलच्या पानाची खालची बाजू उन्हात तेल लावल्यासारखी चकाकते आणि बुंधा जमिनीलगत तांबूस असतो. एवढं बघितलं की दुकानदाराला विचारावं लागत नाही.

पेरायच्या आधी शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. रायला दहा दिवस पुरतात. ८० च्या खाली कोंब आले तर बियाणं त्या प्रमाणात वाढवा, ६० च्या खाली आले तर पिशवी परत करा. पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेलं बी दिसायला ताजंच दिसतं.

तांबडी_माती | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

बियाण्याच्या आधी मातीकडे बघा राव. काळ्या मातीत दोन पाट्या वाळू टाकून 'भुसभुशीत' करायला जाऊ नका. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होत नाही, वाळून विटेसारखी होते. वाळूचा उपयोग ती तीन चतुर्थांशाच्या आसपास असेल तरच, आणि तेवढी घालणं परवडत नाही.

त्यापेक्षा तांबड्या मातीचा चार इंच थर द्या. गुंठ्याला साधारण साडेतीन ब्रास लागते. वर कुजलेल्या शेणखताचा एक इंच, म्हणजे पाऊण ते एक ब्रास. मात्र तांबडी माती काळीवर नुसती ओतून सपाट करायची नाही. दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं, वरची माती चिखल होते, मुळं सांध्यापर्यंत जातात आणि आडवी वळतात. पहिले दोन इंच काळीत खणून मिसळा, मग उरलेली पसरा. उतार शंभर फुटांना एक ते दोन फूट, घरापासून बाहेर. उतार नसेल तर पुढचं काही वाचू नका, आधी तो काढा.

प्रेसमड म्हणजे साखर कारखान्यातली मळी आपल्याकडे मुबलक म्हणून लोक ताजंच आणून टाकतात. ते गरम असतं, त्यात मेणही असतं, ओल धरून वास सुटतो आणि कोवळं रोप जळतं. पूर्ण कुजवून चुरा झालेलं असेल तरच वापरा. कच्च्या शेणखताचंही तेच.

माती ट्रकने आली की एक आठवडा पाणी मारून ठेवा. लव्हाळ्याच्या गाठी असतील तर तेवढ्यात सुया वर येतात. पेरल्यावर लव्हाळा काढायचा म्हणजे रायच उपटायची.

कळंबा_गुंठा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:२२

ब्लू बाद. राय ठरली. आता पेरणीची तारीख, खत, पाणी नेमकं सांगा. आंब्याखाली काय?

रब्बीवाला | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

तारीख कॅलेंडरवर ठरवू नका. परतीचा पाऊस पूर्ण गेला, आभाळ निवळलं आणि पहाटे सलग आठवडाभर १८ च्या खाली आलं की पेरा. आपल्याकडे हे साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर जमतं. त्याआधी घाई केली की उबदार रात्रीत रोप जमिनीलगत कुजतं. डिसेंबर उलटून पेरलं तर उगवेल झकास, पण मजा दोनच महिने.

कोऱ्या जागेत गुंठ्याला साडेतीन किलो राय. जमलेल्या हरळीवर पेरायची असती तर पाच किलो, कारण निम्मं बी खालच्या जाळीत अडकून मातीला लागतच नाही. 'दाट पेरलं की दाट येतं' म्हणून कोऱ्या जागेत सात किलो ओतू नका. रोपं एकमेकांना हवा लागू देत नाहीत, मूळकूज सुरू होते आणि तीन आठवड्यांनी तुमच्याकडे विरळच लॉन उरतं.

आदल्या दिवशी ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट वरच्या दोन इंचांत दाताळ्याने मिसळा. जमीन दाबून घ्या, इतकी की चालताना टाच अर्ध्या इंचापेक्षा खाली जाऊ नये. बियाणं दुप्पट कोरड्या वाळूत मिसळून दोन भाग करा. एक भाग उत्तर-दक्षिण फेकायचा, दुसरा पूर्व-पश्चिम. मग खराटा उलटा धरून हलका फिरवा. बी पाव इंचाच्या खाली जाता कामा नये. वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर, त्यातून माती दिसेल एवढाच. मग रोलर, नसेल तर फळी ठेवून तिच्यावर चालायचं. आणि लगेच पाणी. मुंग्या बी वाहून नेतात, चिमण्या आणि पारवे उरलेलं टिपतात, म्हणून बी उघडं ठेवून जेवायला जाऊ नये.

पहिले दहा दिवस पाणी दिवसातून तीन-चार वेळा, पण फवाऱ्याने, नुसता वरचा अर्धा इंच ओला राहील एवढं. पाईपचं तोंड अंगठ्याने दाबून मारलेलं पाणी बी उतारावर गोळा करतं. मग खालच्या कडेला गवताची झुंबड आणि वर टक्कल. कोंब सहाव्या-सातव्या दिवशी दिसतात. पंधराव्या दिवसापासून दिवसाआड, महिन्यानंतर आठवड्यातून दोनदा. डिसेंबरात रोज साधारण ४ मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे गुंठ्याला ४०० लिटर. दोन पाळ्यांत वाटलं तर एका पाळीला १४०० लिटर. मोजायला श्रीखंडाचे चार-पाच रिकामे डबे लॉनवर ठेवून स्प्रिंकलर चालवा. डब्यांत १४ मिलिमीटर साठायला किती मिनिटं लागतात ते एकदा पट्टीने बघून ठेवा. डब्याडब्यांत दुपटीचा फरक आला तर नोझल हलवा. सुकलेल्या ठिगळांचं कारण निम्म्या वेळा तिथंच सापडतं. वेळ पहाटेची. रात्री दिलेलं पाणी पानावर आठ-दहा तास बसतं.

युरिया उगवणीनंतर तीन आठवड्यांनी, गुंठ्याला ५५० ग्रॅम. पान कोरडं असताना फेकायचा आणि लगेच पाणी देऊन पानावरून धुवायचा, नाहीतर ठिपकेदार जळतं. पुढे दर चार आठवड्यांनी तेवढाच. फेब्रुवारीच्या मध्यानंतर बंद. उन्हाळ्याच्या तोंडावर नत्र दिलं की वर लुसलुशीत पान आणि खाली मूळ नाही, अशी गत होते.

शेंडा_कट | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

कापणीचं राहिलं. पहिली कापणी गवत सात सेंटिमीटर झाल्यावर, पाचवर. त्याआधी मूठभर गवत धरून हलकं ओढा. मुळासकट हातात आलं तर अजून आठवडा थांबा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. रायच्या पानात धागे चिवट असतात. पातं बोथट असेल तर ते कापलं न जाता फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लॉनवर पांढुरकी झाक येते. लोकांना वाटतं रोग आला आणि औषध मारतात. जवळून बघा: शेंड्याला पांढऱ्या धाग्यांची झिपरी लोंबत असेल तर पातं घासून आणा, औषध नको.

ओल्या लॉनवर मशीन नाही. तांबडी माती ओली असताना चाकाची चाकोरी पडते, ती हंगामभर जात नाही.

खुरपं | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

बोअरचं पाणी आणि खाली काळी माती म्हणजे सामू (पीएच) आठच्या आसपास असायची शक्यता आहे. गवत पिवळं पडलं की लोक युरियाची मूठ वाढवतात. आधी कुठलं पान पिवळं ते बघा. जुनं, खालचं पान पिवळं असेल तर नत्र कमी. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. तिथं युरिया उलटा घातक. फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक अ‍ॅसिड १ ग्रॅम प्रति लिटर, उन्हं कलल्यावर फवारा. शहाबादी फरशी, पायऱ्या, गाडी यांवर थेंब उडू देऊ नका. तांबूस डाग पडतात ते जात नाहीत.

रोगराई_विभाग | १४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

नोव्हेंबरात समुद्रात काही शिजलं की आपल्याकडे दोन-तीन दिवस ढग येतात आणि रात्री परत २० च्या वर जातात. तेव्हा रोज पहाटे लॉनवर चक्कर मारा. पान काळपट, तेलकट, एकमेकांना चिकटलेलं आणि वर कापसासारखे पांढरे तंतू दिसले तर पिथियम, म्हणजे गवत कुजवणारा रोग. डाग गोल नसतो, पाण्याच्या उताराने किंवा मशीनच्या चाकाच्या रेघेत पुढे सरकतो, आणि एका रात्रीत वीतभर. इथं सगळेजण कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारून मोकळे होतात. त्याचा पिथियमवर काही उपयोग नाही, ती खऱ्या बुरशीच्या वर्गातलीच नाही. द्राक्षाच्या डाऊनीला (केवड्याला) वापरतात ते मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्रण अडीच ग्रॅम प्रति लिटर, आणि पाणी तोडायचं. कापणी बंद, नाहीतर मशीनच रोग पसरवतं.

ब्राऊन पॅच हा रोग वेगळा. तो गोल येतो, पहाटे कडेला धुरकट करडी रेघ असते, ऊन चढलं की रेघ दिसेनाशी होते. त्याला प्रोपिकोनॅझोल १ मिली प्रति लिटर. आणि मार्चनंतर रायच्या पानाचा शेंडा पिळवटून करडा पडायला लागला तर ती भातावरच्या करप्याच्या जातकुळीतली बुरशी. त्या वेळी औषधावर पैसे घालू नका, हंगाम तसाही संपलेला असतो.

हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीची चौकशी कुणी केली नाही, पण ऊसपट्ट्यात राहतो म्हणून सांगतो. रायच्या हंगामात तिचा जोर ओसरलेला असतो. ती नडते ऑगस्ट-सप्टेंबरात, तुमच्या कायमच्या गवताला. एक फूट चौरस तिन्ही बाजूंनी कापून सतरंजीसारखं उलटा. पाच-सहाच्या वर अळ्या दिसल्या तर उपाय करा. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात. फांद्या हलवून, खाली पडलेले गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकणं सगळ्यात स्वस्त. पावसाच्या सुरुवातीला कुजलेल्या शेणखतातून मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी दिली तर अळी लहान असतानाच सापडते.

पन्हाळकर_बाग | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:१२

आंब्याखाली राय नको, सावलीत ती लांबट होऊन लोळते. तिथं टॉल फेस्क्यू पेरा, चौरस मीटरला ३५ ग्रॅम, कापणी सात-आठ सेंटिमीटरवर. मूळ खोल जातं, त्यामुळे तिघांत उन्हाला हेच जास्त टिकतं. दुपारची सावली मिळाली तर मे महिनाही काढतं. पावसाळ्यात मात्र ठिगळं पडतात. हे गवत झुपक्याने वाढतं, बाजूला धावत नाही, म्हणून मोकळ्या जागा दर नोव्हेंबरात परत पेराव्या लागतात. आंब्याची गळलेली पानं रोज झाडा. चार दिवस पान बसलं की खाली पिवळा ठसा. खोडापासून तीन फूट काहीच लावू नका.

पन्हाळ्यावर जमेल का असं विचारणारे खूप असतात. शहरापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच, म्हणजे दोन-अडीच अंश थंड. उन्हाळा फेस्क्यू काढतं. पण पावसाळ्यात आठवडे-आठवडे धुकं आणि ऊन नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टचा प्रश्न शहरापेक्षा वाईटच.

कळंबा_गुंठा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मार्चमध्ये टोचायचं कायमचं गवत कोणतं? खरखरीत नको हे परत सांगतो. आणि लव्हाळा आलाच तर?

रब्बीवाला | १५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

खरखरीतपणा हरळीचा कमी, उंच वाढवून एकदम खाली कापण्याचा जास्त. हिरवं पान जाऊन खालच्या काड्या उरतात, त्या टोचतात. टिफड्वार्फसारखी बारीक संकरित हरळी घ्या आणि कापणी चुकवू नका. मार्चच्या मध्यावर राय दोन सेंटिमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवा, म्हणजे खाली ऊन पोचेल. मग सहा-सहा इंचांवर दोन-तीन डोळ्यांचे तुकडे टोचा. पाणी हरळीच्या सोयीने द्या, रायच्या नाही. राय मेमध्ये आपोआप जाते, पहिल्या पावसात हरळी सांधते. राय वाचवायला एप्रिलमध्ये रोज पाणी मारत बसलात तर दोन्ही बिघडतात.

लव्हाळ्याला उसातलं तणनाशक हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के. एकरी ३६ ग्रॅमचा डोस म्हणजे गुंठ्याला ०.९ ग्रॅम. हे चमच्याने मोजायचं काम नाही, सोनाराचा काटा लागेल. राय उगवून महिना व्हायच्या आत मारू नका. तीन-चार आठवड्यांत लव्हाळा पिवळा पडतो; लगेच दिसलं नाही म्हणून परत फवारू नये.

दूधगंगा_काठ | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

एकच विचारतो. कापलेलं गवत म्हशीला घातलं तर चालतंय का? गुंठ्याचं बरंच निघंल की.

बी_बियाणं | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

नाही चालत, दादा. चाऱ्याची राय वेगळी, लॉनची वेगळी. टर्फच्या पेरेनियल रायमध्ये आणि फेस्क्यूमध्ये किडीपासून बचावासाठी पानाच्या आत राहणारी बुरशी मुद्दाम ठेवलेली असते, तिला एंडोफाइट म्हणतात. ती गवताला चांगली, जनावराला वाईट. रायमधल्या विषाने जनावर थरथरतं, चालताना झोकांड्या खातं. फेस्क्यूमधल्या विषाने अंगात उष्णता धरते आणि दूध आटतं. वर बुरशीनाशकं मारलेली असतात ती निराळीच. ते कापलेलं गवत पातळ पसरून तिथंच जिरवा किंवा कंपोस्टला टाका. गोठ्यात नको, आणि गोठ्याच्या वाटेवर ढीगही नको.